पंडिता रमाबाई आणि आजारी भगिनींचे गाऱ्हाणे

एप्रिल महिना आला की आमच्या मराठी मंडळ्यांतून पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगाव येथे प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या, त्याला आता शंभरांहून अधिक वर्षे लोटली. शब्बाथ शाळेतील मुलांना आपण त्यांची गोष्ट सांगतो ती बहुधा ठरलेली असते. अरण्यातील जन्म, दुष्काळातील वणवण, कलकत्त्यातील पंडितांनी दिलेली पदवी, बाप्तिस्मा, मुक्ती सदन आणि १९०५ चे संजीवन. हे सर्व खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु त्यांच्या चरित्रात एक पान असे आहे, जे आम्ही स्वतः वीस वर्षे उपदेश करीत असूनही कधी उघडून दाखविले नव्हते. ते पान आजारी स्त्रियांविषयी आहे. स्त्री आपले दुखणे वैद्याला सांगू शकते काय, आणि तिने सांगितले तर ते ऐकले जाते काय, हा त्या पानावरचा प्रश्न आहे.

तो प्रश्न आमच्यापर्यंत पुस्तकातून आला नाही, घरातून आला. पण ते पुढे सांगू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, लोकांच्या विरोधाला न जुमानता संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना दिले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात उपासमारीने प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली, काही काळाने थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. उरली ती दोघे भावंडे, रमाबाई व श्रीनिवास. दोघे हजारो मैल पायी चालून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथे विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीची बंधने बाजूला सारून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ व नवरा ही सर्व माणसे या बाईने आजाराने किंवा उपासमारीने गमावली होती. रोग म्हणजे काय आणि वेळेवर मदत न मिळणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

वैधव्यानंतर त्या तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी १८८२ मध्येच आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारने नेमलेले शिक्षण आयोगाचे मंडळ पुण्यास आले. त्याचे अध्यक्ष सर विल्यम हंटर होते. या आयोगापुढे साक्ष देण्यास रमाबाईंना बोलाविण्यात आले. पती जाऊन सात महिने झाले होते. ज्या समाजात विधवेने तोंड दाखवू नये असा दंडक होता, तेथे ही चोवीस वर्षांची विधवा साहेब लोकांच्या मंडळापुढे बसून मराठीत बोलली.

आयोग शिक्षणाचा होता. मुलींच्या शाळा, शिक्षिकांचे पगार, तपासनीस स्त्रिया असाव्यात की नाही, असे प्रश्न त्यांना विचारले गेले आणि त्यांची उत्तरे त्यांनी स्पष्ट दिली. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा विषय त्यांनी मांडला. या देशातील बाया आपले दुखणे परपुरुषापुढे बोलून दाखविण्यापेक्षा मरण पत्करतात, आणि स्त्री-डॉक्टर नसल्यामुळे लाखो स्त्रिया अकाली मरतात, असे त्यांनी आयोगाला सांगितले. म्हणून मुलींना वैद्यक शिकण्याची दारे उघडावीत, अशी त्यांची मागणी होती. सुशिक्षित म्हणविणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेक जण स्त्रियांच्या उन्नतीला विरोधच करतात, आणि स्त्रीचा राईएवढा दोष डोंगराएवढा करून दाखवितात, हेही त्यांनी त्या पुरुषांच्या समोरच सांगून टाकले.

हंटर साहेबांवर या साक्षीचा एवढा परिणाम झाला की त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर करवून ती वेगळी छापविली. ती इंग्लंडात पोहोचली. त्याआधी, १८८१ मध्ये, लखनौच्या एक वैद्यकीय मिशनरी मिस बीलबी यांनी पन्नाच्या राणीचा निरोप राणी व्हिक्टोरियाला नेऊन दिला होता. त्या राणीवर मिस बीलबींनी उपचार केले होते. हिंदुस्थानातील बायका आजारी पडल्या म्हणजे त्यांचे काय हाल होतात, ते महाराणीच्या कानी घाला, असा तो निरोप होता. एक निरोप राजवाड्यातून आला, एक साक्ष पुण्यातून गेली. पुढे १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी फंड उभारला. त्यातून ठिकठिकाणी बायकांचे दवाखाने निघाले, स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणाची सोय झाली. या फंडाच्या उगमाशी रमाबाईंच्या साक्षीचे नाव जोडले जाते ते यामुळे. एकट्या रमाबाईंनी तो घडविला असे आम्ही म्हणणार नाही. भक्तीच्या भरात चरित्र फुगवून सांगण्याची खोड आम्हा उपदेशकांना असते, आणि रमाबाईंना तिची गरज नाही.

त्या काळची स्थिती आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. खानदानी घरात डॉक्टर बोलावला तर रोगी बाई पडद्याआड, डॉक्टर पडद्याबाहेर. नाडी पाहण्यासाठी तेवढा हात बाहेर येई. काय होते ते डॉक्टर नवऱ्याला किंवा सासूला विचारणार, ते आत जाऊन बाईला विचारणार, आणि मग जे बाहेर सांगावेसे वाटेल तेवढे सांगणार. पोटाच्या खालचे, पाळीचे, बाळंतपणाचे दुखणे असले तर बाई आपण होऊन ते बोलत नसे, आणि बोललीच तर मध्यस्थ ते बाहेर नेत नसे. डॉक्टर मग तर्काने औषध देई. गरीब घरात तर पडदाही नव्हता आणि डॉक्टरही नव्हता.

रमाबाईंनी स्वतः डॉक्टर होण्याचे ठरविले. १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हा मनात हाच हेतू होता. वाँटेज येथील भगिनी-संघात त्या उतरल्या. परंतु त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, आणि हे बहिरेपण वाढत चालले. छातीला नळी लावून आतला आवाज ऐकल्याशिवाय वैद्यकाचा अभ्यास कसा व्हावा? वैद्यकीय शिक्षणाचे दार त्यांना बंद झाले. लक्षावधी स्त्रियांसाठी ज्या विद्येची त्यांनी सरकारकडे मागणी केली, ती विद्या त्यांना स्वतःला मिळाली नाही. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील या थोर प्राचार्याबाईंच्या हाताखाली त्या शिकल्या आणि तेथे संस्कृत शिकवूही लागल्या.

या इंग्लंडातील वास्तव्यातच त्यांनी ख्रिस्ताला ओळखले. ते कसे झाले हे आपल्या विषयाला धरूनच आहे, म्हणून सांगतो. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे पाठविले. तेथे या भगिनी वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत होत्या. रमाबाईंनी जन्मभर पाहिले होते की अशा बाईला समाज दाराबाहेर काढतो. येथे मात्र चांगल्या घराण्यातील स्त्रिया तिची सेवा करीत होत्या, तिचे ऐकून घेत होत्या. हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवरची ती शोमरोनी बाई, भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली, आणि प्रभू तिच्याशी बोलत बसला. शास्त्रांत आपण जे शोधीत होतो ते येथे आहे, असे रमाबाईंना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. न पटलेल्या गोष्टीवर त्या भगिनींशीही पत्रांतून वाद घालीत. ही गोष्ट आपण शब्बाथ शाळेत सहसा सांगत नाही.

इकडे त्यांच्याच नात्यातील एक तरुणी ती विद्या मिळवीत होती. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल योग्य वैद्यकीय मदतीवाचून दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या ख्रिस्ती बाईने त्यांना मुलीसारखे घरात ठेवले. आनंदीबाईंनी धर्म बदलला नाही आणि कार्पेंटर बाईंनी त्यासाठी आपला हात आखडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली, आणि त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. जिला डॉक्टर होता आले नाही ती, जी डॉक्टर झाली तिच्यासाठी टाळ्या वाजवीत बसली होती. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमण्यात आले. पण त्या क्षयाने पोखरून परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय बावीसही पुरे नव्हते. एकाही भगिनीवर उपचार करण्याची संधी त्यांना कोल्हापुरात मिळाली नाही.

रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक छापले आणि ते आपल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, स्मृतीस अर्पण केले. त्याला प्रस्तावना लिहिली ती त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी. त्या पुस्तकाने अमेरिकेतील लोकांनी मदतमंडळ उभे केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलले. सदनाची हकीकत, तेथील मुली ख्रिस्ती होऊ लागल्यावर उठलेले वादळ, हे सर्व विख्यात आहे. आम्ही ते येथे गाळून १८९७ सालाकडे जातो.

त्या साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सरकारने घरोघर झडत्या सुरू केल्या, रोग्यांना सक्तीने प्लेगच्या इस्पितळात नेले, आणि हे काम गोऱ्या शिपायांकडे दिले. रमाबाई सरकारच्या शत्रू नव्हत्या. इंग्रजांमध्ये त्यांचे पुष्कळ स्नेही होते. त्या ख्रिस्ती होत्या म्हणून पुण्यातील सनातनी लोक त्यांना सरकारच्याच माणूस समजत. तरीही त्यांनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिले. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची अब्रू राखली जात नाही, तेथे त्यांच्या देखरेखीची धड व्यवस्था नाही, आणि आपल्या सदनातील मुलीच्या वाट्याला तेथे काय आले, हे त्यांनी त्यात मांडले. हे प्रकरण विलायतेपर्यंत गेले. मुंबई सरकारने त्यांची तक्रार चुकीची व दिशाभूल करणारी ठरविली.

पंधरा वर्षांपूर्वी याच बाईची साक्ष सरकारने कौतुकाने छापून काढली होती, हे लक्षात घ्यावे. तेव्हा ती लोकांच्या रूढींविरुद्ध बोलत होती. आता ती इस्पितळाविरुद्ध बोलत होती. बाई तीच, खरेपणा तोच, विषय आजारी स्त्रीच्या हालांचाच. आम्हाला असे वाटते की रमाबाईंच्या धैर्याचा कस १८८२ मध्ये लागला त्याहून अधिक १८९७ मध्ये लागला. आपल्याच धर्मबंधूंच्या हातातील कारभाराला दोष देणे फार कठीण असते.

यावर एक गोष्ट मनात येते. १८८२ मध्ये रमाबाईंनी दोष दिला तो मुख्यतः लज्जेला. बाई बोलत नाही म्हणून मरते. उपाय सांगितला तो स्त्री-डॉक्टरांचा. १८९७ मध्ये त्यांना दुसरी बाजू दिसली. बाई बोलते, तरी तिचे खरे मानले जात नाही.

ही दुसरी बाजू वैद्यकाच्या इतिहासात फार जुनी आहे. स्त्रीची घाबर, धाप, झटके, दुखणी यांना पाश्चात्त्य डॉक्टर शतकानुशतके हिस्टेरिया म्हणत आले. हा शब्दच मुळी ग्रीक भाषेतील गर्भाशयाच्या नावावरून आलेला आहे. म्हणजे दुखणे कोठेही असो, दोष तिच्या बाईपणाचा. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून हे नाव १९८० मध्ये निघाले. नव्या औषधांच्या चाचण्या बहुतेक पुरुषांवर करीत आणि त्यावरून बायकांना औषध देत. स्त्रियांनाही या चाचण्यांत घेतलेच पाहिजे, असा कायदा सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनापुरता अमेरिकेत १९९३ मध्ये झाला. हृदयविकाराचा झटका बाईला आला तर तिच्याही छातीत दुखते, पण त्याबरोबर धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा दिसतात. तेव्हा पित्त झाले, मनाला लावून घेतले, असे समजून तिला घरी पाठविण्याचा धोका मोठा असतो.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा आहे. तेथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तांत १९८९ मध्ये लॅन्सेट या इंग्रजी वैद्यकीय पत्रात छापून आला. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी विकार होता. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त ८. रमाबाईंच्या साक्षीला तोवर शंभरांहून अधिक वर्षे झाली होती. तोपर्यंत जगातील तज्ज्ञ खेड्यातील स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपुरताच करीत होते. मूल होण्याच्या वेळेपुरती बाई दिसत होती. एरवीची तिची कंबर, तिचे अंगावरून जाणे, तिची पोटातील कळ कोणी विचारली नव्हती.

आता घरातील गोष्ट सांगतो. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठची बेला, जैनद ही गावे आणि त्यांच्या आसपासचा मुलूख पुष्कळसा मराठी बोलणारा आहे. १९५६ पर्यंत आपण सर्व हैदराबाद राज्यात होतो. नंतर आंध्र आले, २०१४ पासून तेलंगणा. घरात मराठी, बाजारात तेलुगू व हिंदी, असे आपले चालते. पुरुषांना बाहेर वावरून तेलुगू येते. घरच्या बायकांना, विशेषतः ज्या नदीपलीकडून लग्न होऊन आल्या त्यांना, ती थोडी येते. काही वर्षांपूर्वी आमच्या पत्नीला बरे नव्हते. आम्ही तिला एका दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी काय होते म्हणून विचारले ते आम्हाला, तेलुगूत. आम्ही तिच्याकडे वळलो. जीव घाबरा होतो, जिना चढवत नाही, पाळीत फार जाते, रात्री पायांत गोळे येतात, असे तिने आम्हाला मराठीत सांगितले. आम्ही डॉक्टरांना तेलुगूत सांगितले की हिला अशक्तपणा वाटतो. पाळीचे शब्द परक्या माणसापुढे तोंडातून निघेनात. डॉक्टर म्हणाले, काळजी करण्यासारखे नाही, बायका फार विचार करतात, आणि ताकदीची बाटली लिहून दिली. आम्हाला तेव्हा बरेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. घरी परतताना ती काही बोलली नाही.

आठ महिन्यांनंतर ती चर्चमध्ये, गीत चालू असताना, खाली बसली. तपासणीत रक्त अतिशय कमी निघाले. गर्भाशयात गाठ होती. प्रभूच्या कृपेने आज ती बरी आहे. डॉक्टरांवर आमचा राग नाही. दिवसाला शंभर रोगी पाहणाऱ्या माणसाला एका वाक्यात जे सांगितले, त्याचे त्याने एका वाक्यात उत्तर दिले. पण त्या दिवशी पडदा कोणी धरला होता? आम्हीच धरला होता. राणी व्हिक्टोरियाच्या काळचा तो पडदा आमच्या जिभेवर होता.

त्यानंतर आम्ही मार्काच्या पाचव्या अध्यायाकडे नव्याने पाहिले. बारा वर्षे रक्तस्राव होणारी ती बाई. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ हाल सोसले, जवळचे सर्व खर्चिले आणि दुखणे वाढलेच, असे मार्क स्पष्ट लिहितो. प्रभूच्या वस्त्राला शिवताच ती बरी झाली, आणि आम्ही उपदेशक येथेच संदेश संपवितो. पण प्रभू तेथे थांबला. याईराची मुलगी मरणाच्या दारी होती, गर्दी ढकलीत होती, शिष्य कंटाळले होते. तरी तो थांबला, आणि तिने त्याला सर्व खरे सांगेपर्यंत उभा राहिला. बरे तर ती आधीच झाली होती. मग ऐकायला का थांबला? आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली याजकाने मंदिरात ओठ हलविणाऱ्या हन्नेला पाहून काय ठरविले, तेही आठवावे. ती मनाच्या क्लेशाने प्रार्थना करीत होती, आणि देवाच्या माणसाने तिला मद्यपी ठरविले. फक्त डॉक्टरच चुकतात असे नाही.

आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणजे ज्या बाईला आपण घरात आळशी म्हणतो, ती रक्त कमी असूनही पाणी भरीत असण्याचा संभव मोठा आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षिकांनी व महिला मंडळाच्या भगिनींनी हे मोठ्या मुलींना सांगावे. दवाखान्यात जाताना लक्षणे मराठीत कागदावर लिहून न्यावीत. कधीपासून, किती दिवस, किती वेळा, हेही लिहावे. तेलुगू येणारी दुसरी भगिनी सोबत घ्यावी. नवऱ्याने बाहेर बसावे किंवा आत बसून गप्प बसावे. एकदा समाधान झाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नये. आमच्या मंडळीत दोन भगिनी हे सोबत जाण्याचे काम करू लागल्या आहेत. त्यांतील एक सातवीपर्यंत शिकलेली आहे, पण शब्दाला शब्द पोहोचविते.

स्त्री-डॉक्टर झाल्या म्हणजे सर्व भागेल, असे रमाबाईंना १८८२ मध्ये वाटले. आज स्त्री-डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि आदिलाबाद शहरातच २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे आपल्या मुली शिकू शकतात. ही थोडी गोष्ट नव्हे. पण स्त्री-डॉक्टरही घाईत असते, आणि तिनेही तेच ग्रंथ वाचलेले असतात. तेव्हा उपाय अर्धाच झाला आहे.

रमाबाईंचे उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांसाठी केडगावास मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार जीव होते. अंगावर फोड, पोटात काही नाही, काहींवर वाटेत नको ते गुदरलेले. यांतील कोणतीही मुलगी काय सांगते ते ऐकायचे तर रमाबाईंना कान जवळ न्यावा लागे, कारण बहिरेपण वाढतच गेले होते. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी वेगळी सोय, म्हाताऱ्या व दुबळ्यांसाठी प्रीती सदन, अशी घरे त्यांनी उभारली. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना उठावाची लिपी शिकविली, आणि पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे मुलींची शाळाही काढली. आपल्या जुन्या राज्याचा त्या मायलेकींशी आलेला हा संबंध. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. १८९७ च्या पत्राची आठवण तोवर कोणाला राहिली असेल असे वाटत नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. रमाबाई मात्र आपले शेवटचे काम धरून बसल्या होत्या. मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर चालविले होते, खेड्यातील बाईला वाचता येईल अशा साध्या मराठीत. ते पुरे झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे, छापण्याचे, बांधणीचे काम मुक्तीतील मुली व विधवाच करीत. मार्काचा पाचवा अध्यायही त्यांच्याच हातांनी जुळविला गेला.